तहानेवर ठेवलेली बोगनवेल

कंपनीने दामाजीला माळी केलं आणि त्याच्या हातात रबरी पाइप दिला. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने पाण्याला असं कधी धरलं नव्हतं. पाणी वरून यायचं, खाचरात उतरायचं, बांध घालून अडवायचं आणि फारच झालं तर शेजाऱ्याशी तंटा होणार नाही अशा बेताने खाली सोडायचं, एवढाच त्याचा आणि पाण्याचा व्यवहार. इथे चावी फिरवली की ते हातात येत होतं, तेही ऐन कार्तिकात, भातं कापून झाल्यावर. पहिल्या दिवशी तो बराच वेळ पाइप धरून नुसता उभा राहिला, आणि पायाखालची माती भिजून चपला रुतल्या तेव्हा भानावर आला.

ती माती त्याच्या ओळखीची होती. मानपाड्याच्या पलीकडे, गावाच्या अंगाला, रंग बनवणाऱ्या त्या कंपनीने अठ्ठ्याऐंशी साली नवी शेड घातली, आणि तिच्या आवारात दामाजीचं उंबराचं शेत गेलं. शेताची विहीर तेवढी तारेच्या कुंपणाबाहेर राहिली, कारण ती नकाशात बसत नव्हती. ज्याची जमीन गेली त्याच्या घरातल्या एकाला नोकरी, असा बोल झाला होता. सातबाऱ्यावर नाव दामाजीचं, म्हणून नोकरीही त्याच्याच नावाने निघाली. काम बघू, पटलं तर मार्चअखेर पक्कं करू, असं कंपनीच्या मॅनेजर सामंत साहेबांनी सांगितलं. पक्का झाला तर पुढे त्याच्या जागेवर त्याचा मुलगा उत्तम लागणार होता. मार्च हुकला तर दामाजी पंचावन्नात जाणार, आणि पंचावन्न झालेल्या माणसाला कंपनी पक्कं करत नव्हती.

उत्तम तेव्हा टिटवाळ्याला एका नव्या इमारतीवर विटा वाहत होता. सकाळी अंधारात निघायचा, संध्याकाळी पापण्यांवर सिमेंट घेऊन यायचा. जेवताना त्याचे हात थरथरायचे, आणि ते आईला दिसू नयेत म्हणून तो ताटावर वाकून जेवायचा. भागीरथीला ते दिसायचंच. तिच्या डोळ्यांना घरातलं काही चुकत नसे, आणि जे दिसे ते बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

कुंपणाला लागून लावायला पुण्याकडून पंचेचाळीस बोगनवेली आल्या होत्या. काळ्या पिशव्यांतून वीत-दीड वीत उंचीची काटेरी रोपं. गावात त्या झाडाला कागदी फुलांचं झाड म्हणत, पण ते कुणी दारात लावत नसे. ज्याच्या फुलाला वास नाही आणि जे देवाला चालत नाही, त्याचं करायचं काय?

दामाजीने ती रोपं लावली ती भाताच्या रोपासारखी, कंबरेत वाकून, एका सरळ ओळीत. मग कुदळ घेऊन प्रत्येक रोपाभोवती बांध घातला. हातभर रुंदीचा, चापून बसवलेला, अंगठ्याने कडा दाबलेला. कंपनीतली पोरं जाता-येता बघून हसायची. पंचेचाळीस इवली खाचरं कुंपणाच्या कडेने ओळीत बसली होती. त्यांत तो सकाळ-संध्याकाळ पाणी भरायचा आणि ते वर साचून राहिलं की त्याच्या जिवाला बरं वाटायचं.

झाडं तरारून वाढली. दीड महिन्यात माणसाच्या खांद्याला लागली, हिरवीगार, तकतकीत, हाताएवढ्या कोंबांची. दामाजी घरी सांगायचा, "झारं अशी आयलीत, बगत रावाव असं वाटतं." फूल मात्र एकालाही नव्हतं.

डिसेंबरच्या मध्याला सामंत साहेब बागेतून फिरले. ते वाईट माणूस नव्हते, पण जानेवारीअखेर कंपनीचा वर्धापनदिन होता, मुंबईहून मोठे साहेब येणार होते, आणि तारेच्या कडेने रंगाची भिंत उभी करू असं त्यांनी वर लिहून कळवलं होतं. रंगाच्या कंपनीला रंगाची भिंत, ही त्यांचीच कल्पना.

"दामाजी, हे काय आहे?"

"बोगनवेल, साहेब."

"ते मला कळतं. फुलं कुठायत? पाला दाखवायला बाग केलीय का आपण?"

दामाजीने हात जोडले.  मागे उभे असलेले दोन कारकून तोंड फिरवून हसले, आणि दामाजीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कंपनीच्या दुसऱ्या आवारातून पंढरीला पाठवलं. पंढरी दुष्काळी माणदेशातला, वाळक्या-काटक अंगाचा, बागकामाचा मुकादम. तो ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला आणि दामाजीच्या बांधावर पायाचं बोट टेकवून म्हणाला, "आरं, ह्यो काय भाताचा कारभार मांडलाईस?"

"पानी धराला बांध नको?"

"हितंच चुकलं. ही दुष्काळातली झाडं हाईत. पोट भरलं की नुसती वाढत्यात, फुलाचं नाव न्हाई. मरणाचं भ्या वाटलं की फुलत्यात. समदं बांध फोड. शेंडं छाट. आन म्हैनाभर पाण्याचा टिपूस घालू नगंस."

"मरतील ना."

"मरत न्हाईत. माना टाकतील, पानं गाळतील. तू बघायचं न्हाई."

सांगून पंढरी बिडी पेटवायला सावलीत गेला. दामाजी कुदळ घेऊन पहिल्या बांधाशी आला आणि थांबला. त्याच्या गावात दुसऱ्याच्या उभ्या खाचराचा बांध फोडणं याहून मोठा गुन्हा नव्हता. त्याच्या चुलत्याने एकदा रागाच्या भरात शेजारच्या परशुरामाच्या खाचराचा बांध फोडला होता, तर पंचांनी त्याला वर्षभर कुठल्या लग्नाच्या पंगतीत बसू दिलं नव्हतं. म्हातारा मरेपर्यंत पोरं त्याला "बांधफोड्या" म्हणून चिडवत. आणि इथे दामाजीला स्वतःच्या हाताने घातलेले, स्वतःच्याच जुन्या शेतातले पंचेचाळीस बांध फोडायचे होते.

त्याने पहिला घाव घातला तेव्हा अडलेलं पाणी एकदम पायावर आलं. ते थंड होतं. मग तो मान वर न करता एकामागून एक फोडत गेला. शेंडे छाटताना काट्यांनी त्याचे हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडले. दुपारी भागीरथी भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन कुंपणाशी आली, तेव्हा तिने ते हात बघितले आणि फुटलेले बांधही बघितले.

"कं झायलं?"

"पानी बंद. फुलाला तहान लागते म्हनं."

"कोन बोलला?"

"पंढरी. तो दुष्कालाच्याच मुलखाचा हाय."

भागीरथीने झाडांकडे एकवार बघितलं, डबा तारेच्या खालून सरकवला आणि गेली.

पहिला आठवडा झाडांना काही झालं नाही. दुसऱ्यात दुपारी माना पडायला लागल्या. दामाजीला काम असं उरलंच नाही. तो पालापाचोळा गोळा करायचा, तारेवरचा गंज खरवडायचा, आणि सगळा वेळ पाठ झाडांकडे करून राहायचा. तहान लागली तर झाडांसमोर पाणी प्यायची त्याला लाज वाटे. तो शेडच्या मागे जाऊन नळाला तोंड लावायचा आणि मिशी पुसूनच परत यायचा.

गावाची वाट कुंपणाला लागून होती. शेजारची ठमाबाई डोक्यावर पाटी घेऊन जाताना थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "दामादादा, जमीन जेली ती जेली, आथा झारं पन मारतंस?" बरोबरच्या बाया फिदीफिदी हसल्या.  तो खराटा घेऊन झाडलेलंच परत झाडायला लागला.

घरी त्याचं जेवण तुटलं. भात समोर आला की तो चिवडत बसायचा. रात्री कूस बदलायचा, उठून बसायचा, परत आडवा व्हायचा. उत्तम एकदा म्हणाला, "बाबा, एवढं टेन्शन नको घेऊ रे. झाडंच हायत." दामाजी त्याच्यावर खेकसला, "झारं नाय ती. तुजी नोकरी हाय ती."  भागीरथी चुलीशी बसून दोघांकडे बघत होती.

तिसऱ्या आठवड्यात गेटकडच्या झाडांची पानं झडली. नुसते काटे आणि काड्या. पण विहिरीच्या अंगाची अठरा झाडं मात्र तशीच हिरवी राहिली, दुपारीही ताठ. पंढरी पाहणीला आला तेव्हा त्याने त्या अठरांपाशी बसून माती चिमटीत घेतली.

"दामाजी, हितं कोण पाणी घालतंय?"

"कोन नाय."

"मग ही गार कशी?"

दामाजीची छाती जरा फुगली, खूप दिवसांनी. "ही उंबराची जमीन, पंढरी. ह्या अंगाला माजं पयलं खाचर होतं. आख्ख्या शिवारात सगल्यांचं सुकलं तरी मार्गशीर्षापर्यंत हिच्या पोटात ओल रावाची. माजा बाप सांगाचा, ही जमीन आईसारकी हाय."

पंढरीने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मातीकडे बघितलं, आणि चिमूट झटकून टाकली. "आसंल," तो म्हणाला. "पर येकदा पहाटंचं येऊन बघ."

दामाजीला राग आला. आपल्या जमिनीचा गुण परक्या मुलखाच्या माणसाला काय कळणार? चार दिवस तो गेलाच नाही. दरम्यान गेटकडच्या काड्यांना बारीक लालसर कोंब फुटले. पाना-कोंबांच्या बेचक्यात राणी रंगाचे ठिपके दिसायला लागले. दामाजीने एक ठिपका नखाने हलकेच दाबून बघितला आणि तो स्वतःशीच हसला. पंढरी खरं बोलला होता. मग पहाटेचंही खरंच असणार, हे त्याच्या मनात आलं, आणि त्या आनंदावर तेवढं सावट पडलं.

पाचव्या दिवशी तो उजाडायच्या आधी उठला. शेजारची वाकळ रिकामी होती. भागीरथी परसाकडे गेली असेल, असं त्याने धरलं. धुकं होतं, कंपनीच्या दिव्यांचा पिवळा उजेड त्यात अडकून पडला होता. विहिरीवर रहाटाचा आवाज आला. मग कुंपणापाशी एक बाई वाकलेली दिसली. कमरेला कासोटा घट्ट, डोक्यावरची चुंबळ मागे घसरलेली. तारेच्या दोन ओळींमधून हात घालून ती तांब्या-तांब्याने झाडाच्या बुंध्याशी पाणी सोडत होती, अगदी हळू, माती उडू नये अशी. भरून झालं की बोटाने भोवतालची माती ओढून ओलीवर पसरत होती. तिच्या दंडावर तारेचे ओरखडे होते.

"भागी."

ती दचकली नाही. तांब्या हंड्यात ठेवून तिने पदर सारखा केला.

"कती दिस?"

"तुमी बांध फोरलाव त्याच्या चौथ्या दिसापासून."

"कशाला गो? कशाला?"

"तुमी जेवत नव्हतंव. निजत नव्हतंव." ती खाली बघत बोलत होती. "तीस वरसां ह्याच जागेत मी लावनी केली. हितं काय सुकताना मना बगवलं नाय. आनि झारं मेली तर उत्तमची नोकरी जेली. माज्या हाताला पोचली तेवरी झारं तरी जगवली."

 गेले चार-पाच दिवस दामाजी जमिनीच्या ज्या ओलीचा अभिमान मिरवत होता, ती तिच्या हंड्यातली होती. त्याने हंडा उचलला आणि सगळं पाणी वाटेवर ओतून दिलं. धुळीत ते काळं पसरत गेलं, आणि भागीरथी बाजूला झाली नाही म्हणून तिचे पाय भिजले.

"तुला अक्कल हाय का? पान्यानं फुलं येत नाय. तुज्यापाई माजी नोकरी जाईल आथा!"

तेवढ्यात गेटवरचा पहारेकरी रामा कंदील घेऊन आवाजाच्या रोखाने आला होता. दामाजीने त्याला बघितलं, तरी आवाज खाली केला नाही. भागीरथीने रिकामा हंडा घेतला आणि ती घराकडे चालू लागली. त्या दिवसापासून तिने पाणी घातलं नाही, आणि दुपारचा डबा उत्तमच्या डब्याबरोबर सकाळीच भरून ठेवायला लागली.

वर्धापनदिनाला अकरा दिवस उरले होते. अकरा दिवसांत अठरा झाडांना तहान लागणार कधी आणि फुलणार कधी? दामाजीने त्यांच्या मुळांशी कुदळीने माती उकरून उन्हात उघडी केली, पानं हाताने ओरबाडून काढली. काही उपयोग झाला नाही. इकडे गेटकडची सत्तावीस झाडं पेटल्यासारखी फुलली. पान दिसेना, काटा दिसेना. रस्त्यावरून जाणाऱ्या कंपन्यांच्या बस हळू व्हायच्या आणि माणसं खिडक्यांतून माना बाहेर काढायची. ज्या बायांनी त्याला नावं ठेवली त्याच पाट्या खाली ठेवून बघत उभ्या राहायच्या. दामाजीला मात्र सत्तावीस दिसतच नव्हती. त्याला अठरा दिसत होती.

वर्धापनदिनाला मांडव पडला. मुंबईचे साहेब आले, हार झाले, नारळ फुटला. गावातले लोक कुंपणाबाहेर जमले होते. त्यांत पुढे बाया होत्या, आणि बायांत ठमाबाईच्या शेजारी भागीरथी होती, लग्नाकार्याचं हिरवं लुगडं नेसलेली. ती कशाला आली ते दामाजीला कळलं. उत्तमच्या नशिबाचा निकाल तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.

मोठे साहेब बागेवरून चालत आले. सामंत साहेब अर्धं पाऊल मागे, त्यांच्या मागे पंढरी, आणि पंढरीच्या मागे दामाजी, नवा खाकी सदरा घालून. सत्तावीस झाडांपर्यंत मोठे साहेब "वा, वा" म्हणत होते. मग रंग संपला. पुढे हिरवीच ओळ, तीही ओरबाडलेली.

"सामंत, इथे काय झालं? ही वेगळी जात आहे का?"

सामंत साहेबांनी मागे बघितलं. पंढरीने जमिनीकडे बघितलं. सगळे आपापल्या जागी थोडे सरकले आणि मध्ये दामाजी उभा राहिला.

मी घातलं पाणी, असं तो म्हणू शकला असता. विचार आला होता, आणि जिभेपर्यंतही आला होता. पण त्याच्यापुढे उत्तमच्या पापण्या आल्या, मार्च आला, पंचावन्न आले. कुंपण दहा हातांवर होतं.

"साहेब, माजी बायको हाय," तो म्हणाला. "मी पानी बंद ठेवलेलं. ती बाहेरून येऊन गुपचूप घालाची. अडानी बाई हाय, साहेब. तिला भाताशिवाय काय कलत नाय."

 मग मोठे साहेब मोठ्याने हसले. "म्हणजे बाईंनी प्रयोगच करून दाखवला आपल्याला! पाणी घातलेली ही, आणि न घातलेली ती. अहो सामंत, याहून चांगला पुरावा कुठला? माणूस तयार आहे तुमचा." सामंत साहेब हसले, कारकून हसले, कॅमेरा घेऊन उभा असलेला फोटोवालासुद्धा हसला. आणि दामाजीही हसला. त्याचं तोंड आपोआप उघडलं, दात दिसले, मान दोनदा हलली.

हसता हसता त्याची नजर कुंपणाकडे गेली. ठमाबाई तोंडाला पदर लावून खिदळत होती. भागीरथी हसत नव्हती आणि रडतही नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, जसं लिलावात उभ्या केलेल्या अनोळखी बैलाकडे बघतात.

पक्कं केल्याचा कागद त्याच संध्याकाळी मिळाला. मार्चची वाट बघायला नको, असं मोठे साहेब म्हणाले होते. दामाजी पेढे घेऊन घरी आला. उत्तमने कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला, बापाच्या पाया पडला, आईच्या पाया पडला आणि मित्रांना सांगायला बाहेर पळाला. पोराला इतकं हलकं झालेलं दामाजीने कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

भागीरथीने ताट वाढलं. भात, आमटी, तळलेला बोंबील. आज तिने काही कमी केलं नव्हतं. तो जेवायला बसला, पण घास उचलेना.

"भागी."

"जेवा. निवल."

"सायबानं काय सांगलं ते आयकलंस ना? दोन्हीकडची झारं बगून त्याला पटलं. सगली फुलली असती तर तो नुसता वा वा करून जेला असता."  जे पोटात डाचत होतं ते त्याला एकदाचं बाहेर काढायचं होतं. "तू पानी घातलंस, म्हनून कागद मिलाला. तुज्यामुलं मिलाला, भागी. खरं सांगतंय."

 भागीरथीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, भांड्यावर झाकण ठेवलं. मग ती त्याच्याकडे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"मंग तवा," ती म्हणाली, "सगल्यांसमोर, असं का नाय बोललाव?"

दामाजीने ताटाकडे बघितलं. बाहेर अंगणात उत्तम आणि त्याचे मित्र हसत होते.